नव्वद दिवसांचं सोवळं

चार वर्षांपूर्वी मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. जेमतेम साठ ओळींची. दर तीन महिन्यांनी, पहिल्या तारखेला, रात्री दोन वाजता क्रॉन तिला उठवायचा. मग ती यादीतल्या दोनेकशे लिनक्स सर्व्हरवर एकेक करून जायची, तिथल्या खात्यांचे पासवर्ड बदलायची, नवे पासवर्ड एका एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये लिहायची आणि गप्प बसायची. ऑडिटर खूश, मॅनेजर खूश. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये ‘ऑटोमेशन’च्या रकान्यात मला चांगलं रेटिंग मिळालं.

त्या स्क्रिप्टमुळे एका मुलाची नोकरी गेली. माझी नाही, त्याची.

ती गोष्ट पुढे सांगतोच. आधी माझं म्हणणं सांगतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको: ठरलेल्या मुदतीने, काहीही घडलेलं नसताना, केवळ कॅलेंडरचं पान उलटलं म्हणून पासवर्ड बदलायला लावणं ही सुरक्षा नाही. ते सोवळं आहे. सोवळ्यात हात खरंच स्वच्छ आहेत का हे कुणी बघत नाही, विधी नीट झाला का ते बघतात. आणि हा विधी आपोआप व्हावा म्हणून स्क्रिप्ट लिहिणारे माझ्यासारखे इंजिनिअर म्हणजे भाड्याने आणलेले भटजी. मंत्र चोख म्हणायचे, दक्षिणा घ्यायची, अर्थ कुणी विचारत नाही.

हा नियम आला कुठून?

नियम मूर्ख माणसांनी केला नव्हता. म्हणूनच तो इतका टिकला.

१९७९ साली बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन या दोघांनी युनिक्सच्या पासवर्डांवर एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी लोकांनी खरोखर वापरलेले ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज सापडण्यासारखे निघाले. काही एका अक्षराचे, काही दोन अक्षरांचे, काही थेट शब्दकोशातले. माणूस पासवर्ड कसा निवडतो हे तेव्हाच कळलं होतं.

त्या काळी युनिक्समध्ये पासवर्डांचे हॅश ज्या फाइलमध्ये असायचे ती फाइल त्या यंत्रावरच्या कुणालाही वाचता यायची. हॅश म्हणजे पासवर्डचा असा चुरा, की त्यावरून मूळ पासवर्ड उलट बनवता येत नाही, पण एकेक अंदाज तसाच दळून जुळतो का ते पाहता येतं. कुणीही ती फाइल उचलून घरी न्यावी आणि निवांत अंदाज दळत बसावं, अशी स्थिती. अशा वेळी हिशेब साधा होता: पासवर्ड फुटायला समजा सहा महिने लागतात, तर सहा महिन्यांच्या आत तो बदला. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पासवर्डांबद्दल एक मार्गदर्शिका काढली, हिरव्या मुखपृष्ठामुळे ‘ग्रीन बुक’ म्हणून ओळखली जाणारी. तिच्यात हेच गणित सूत्र घालून मांडलं आहे. पासवर्डचं आयुष्य किती, अंदाजांचा वेग किती, एकूण शक्यता किती.

त्या परिस्थितीत हा सल्ला शहाणपणाचा होता. मग परिस्थिती बदलली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हॅश त्या उघड्या फाइलमधून निघून ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये गेले. ती फक्त रूटला वाचता येते. पुढे हॅश करण्याच्या पद्धती मुद्दाम संथ केल्या गेल्या, म्हणजे एकेक अंदाज तपासायला महाग पडावा. दारावर पाच-दहा चुकीचे प्रयत्न झाले की तो पत्ता बंद करणारी साधनं आली. रोग गेला, पथ्य राहिलं.

गंमत बघा. लिनक्समध्ये पासवर्डची कमाल मुदत ठरवणाऱ्या सेटिंगचं मूळ मूल्य आहे ९९,९९९ दिवस. म्हणजे २७३ वर्षांहून जास्त. ज्यांनी हे साधन बनवलं त्यांनी ‘मुदत नको’ हेच गृहीत धरलं. नव्वद हा आकडा तिथे आपण टाकतो.

माणूस काय करतो?

तुमच्या ऑफिसात हा नियम असेल तर तुम्ही काय करता हे मला ठाऊक आहे, कारण मीही तेच केलं आहे. शेवटचा आकडा एकने वाढवतो. किंवा सणवार लावतो: होळी, गणपती, दिवाळी, पुढे साल आणि एक ॲट. सिस्टीम म्हणते, पासवर्ड ‘मजबूत’ आहे. मोठं अक्षर आहे, आकडा आहे, चिन्ह आहे. तिला कालनिर्णय कळत नाही. पण हल्लेखोराला कळतं.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. २०१० साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्याच दहा हजारांहून अधिक बंद झालेल्या खात्यांचे जुने पासवर्ड अभ्यासले. तिथे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलणं सक्तीचं होतं, त्यामुळे एकाच माणसाने एकामागून एक काय काय निवडलं याची रांगच हाताशी होती. ज्या खात्यांचा जुना पासवर्ड हाती लागला, त्यांतल्या ४१ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड त्या जुन्यावरून काही सेकंदांत काढता आला. १७ टक्के खात्यांत तर पाच अंदाजांच्या आतच. पाच अंदाज म्हणजे खातं बंद पडायच्या आत दारावर उभ्या उभ्या करता येणारं काम.

पासवर्ड ‘बदलला’ म्हणतात, तो असा बदलतो. कुलूप तेच, फक्त रंग वेगळा.

यावर सिस्टीमवाले पासवर्डांचा इतिहास ठेवतात: मागचे चोवीस पुन्हा वापरता येणार नाहीत. मग कुणीतरी स्क्रिप्ट लिहितो, ती एका दमात पंचवीस वेळा पासवर्ड बदलते आणि पुन्हा मूळ जागी आणून ठेवते. मग सिस्टीमवाले ‘किमान मुदत’ लावतात: एकदा बदलला की एक दिवस बदलता येणार नाही. आता ज्याला आत्ताच कळलं की कुणीतरी आपला पासवर्ड पाहिला, त्यालाही उद्यापर्यंत थांबावं लागतं. एका खुळ्या नियमाला आधार द्यायला दुसरा, दुसऱ्याला तिसरा.

आणि जगाने हे मान्य करूनही बरीच वर्षं झाली. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या २००४ सालच्या मार्गदर्शिकेतून हा सल्ला जगभर गेला. तो भाग लिहिणारे बिल बर यांनी २०१७ साली एका वृत्तपत्राला सांगितलं, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने लिहिलं, की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र बदलायलाच लावावा. तेव्हा ती शिफारस होती. २०२५ च्या आवृत्तीत तिची मनाई झाली. ब्रिटनची सायबर सुरक्षा संस्था हेच सांगत होती. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली विंडोजच्या आपल्या शिफारशींतून पासवर्डची मुदत काढून टाकली. ज्यांनी हा विधी शिकवला त्यांनीच तो सोडला. आपण मात्र अजून घंटा वाजवतोय.

मग मशीनलाच बदलू द्या ना?

इथे माझ्यासारखा इंजिनिअर पुढे येतो. म्हणतो, माणूस आळशी आहे, नमुने वापरतो, तर त्याला बाजूला करा. मशीन बदलेल. दर वेळी चोवीस अक्षरांचा पूर्ण यादृच्छिक पासवर्ड.

हा मोह जुना आहे. युनिक्समधला पासवर्ड बदलणारा प्रोग्राम थेट टर्मिनलकडून उत्तर मागायचा. त्याला स्क्रिप्टमधून उत्तर भरवता येत नसे. १९९० च्या सुमारास डॉन लिब्स यांनी ‘एक्स्पेक्ट’ नावाचं साधन बनवलं. ते माणसाच्या जागी बसून प्रश्नाची वाट बघतं आणि उत्तर टाइप करतं. पासवर्ड बदलणं हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. लिब्स निस्टमध्येच काम करत होते. म्हणजे विधीची पोथी आणि विधी उरकणारं यंत्र, दोन्ही एकाच घरातलं. आज तर एक्स्पेक्टचीही गरज नाही. खात्याचं नाव आणि नवा पासवर्ड अशा ओळी वाचून सगळे एकदम बदलणारी कमांड प्रत्येक लिनक्समध्ये आहे.

माझ्या स्क्रिप्टने तीच वापरली. आता त्या स्क्रिप्टचं पोस्टमॉर्टेम करू.

पहिली गोष्ट. दोनशे सर्व्हरवर जाऊन पासवर्ड बदलायचा तर दोनशे सर्व्हरवर रूटचा हक्क हवा. रात्री दोन वाजता सांकेतिक शब्द टाइप करायला कुणी नसतं, म्हणून स्क्रिप्टकडची एसएसएच किल्ली बिनशब्दाची. म्हणजे दोनशे कुलपांच्या किल्ल्या दर तीन महिन्यांनी बदलाव्यात म्हणून मी दोनशेही कुलपं उघडणारी एक किल्ली बनवली आणि ती एका डिस्कवर उघडी ठेवली. ती किल्ली मी कधीच बदलली नाही. ऑडिटरने तिच्याबद्दल कधीच विचारलं नाही, कारण चेकलिस्टमध्ये ‘पासवर्ड’ होता, ‘किल्ली’ नव्हती.

दुसरी गोष्ट. दोनशे यंत्रांपैकी एखादं त्या रात्री बंद असतं, एखाद्याचं नेटवर्क मध्येच तुटतं. फाइलमध्ये नवा पासवर्ड, यंत्रावर जुना. हे कळतं कधी? सगळं जळत असताना, पहाटे, घाईत लॉगिन करायला गेल्यावर.

तिसरी गोष्ट. नवे पासवर्ड माणसांपर्यंत पोचवायचे कसे? कुणालाही चोवीस यादृच्छिक अक्षरं पाठ होत नाहीत. मग ते मेलमधून जातात, चॅटमध्ये चिकटवले जातात, पिवळ्या चिठ्ठीवर उतरतात. एका सुरक्षित जागी असलेलं गुपित दर तीन महिन्यांनी आपण स्वतः दहा ठिकाणी सांडतो.

चौथी गोष्ट म्हणजे तो मुलगा.

एकोणीस रात्री

त्या सर्व्हरांपैकी एकावर बॅकअपचं एक खातं होतं. त्या खात्याने कुणी माणूस कधी लॉगिन करत नसे. क्रॉन रोज रात्री त्या नावाने बॅकअप चालवायचा, बस्स. ऑडिटला सगळी खाती नव्वद दिवसांच्या मुदतीत दिसायला हवी होती, म्हणून मी ‘चेज’ या कमांडने सरसकट सगळ्यांना मुदत लावली. बॅकअपच्या खात्यालाही. पण पासवर्ड बदलायच्या यादीत ते नव्हतं, कारण त्याचा पासवर्ड कुणी वापरतच नव्हतं.

खातं नुकतंच उघडलेलं, त्यामुळे पहिले तीन महिने काही झालं नाही. मग नव्वद दिवस भरले. लिनक्सचा हिशेब यात अगदी कोरडा असतो. शॅडो फाइलमध्ये पासवर्ड शेवटचा कधी बदलला ते १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत लिहिलेलं असतं. त्यात मुदत मिळवायची, आजचा दिवस पुढे गेला असेल तर खातं अडवायचं. क्रॉनने त्या रात्री नेहमीप्रमाणे काम सुरू करायला घेतलं, सिस्टीमने सांगितलं की पासवर्डची मुदत संपली आहे, नवा द्या. क्रॉन पासवर्ड कुठून देणार? त्याने लॉगमध्ये एक ओळ लिहिली आणि काम सोडून दिलं. मुदत संपत आल्याची सूचना लॉगिन करणाऱ्याला दिसते. तिथे लॉगिन करणारं कुणी नव्हतंच. रिकाम्या घराच्या दारावर नोटीस.

एकोणीस रात्री असंच झालं. विसाव्या दिवशी कुणाच्या तरी हातून चुकून एक टेबल पुसलं गेलं आणि बॅकअप मागितला. सगळ्यात ताजा बॅकअप एकोणीस दिवसांपूर्वीचा. क्लायंटच्या माणसांना त्या दिवसांच्या नोंदी ईमेल आणि कागद चाळून पुन्हा भराव्या लागल्या.

मग मीटिंग. मग कारणमीमांसेचा रिपोर्ट. रिपोर्टमध्ये एक रकाना असतो, ‘मूळ कारण’. त्यात लिहिलं गेलं: मानवी चूक, रात्रपाळीच्या ऑपरेटरने लॉग तपासले नाहीत. तो मुलगा कंत्राटावर होता. एका रात्रीत शेकडो सूचना बघायचा, त्यातली ही एक ओळ त्याच्या स्क्रीनवर यायचीही नाही, ती दुसऱ्याच फाइलमध्ये होती. शिवाय त्याच्या डेस्कवर पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी सापडली. माझ्याच स्क्रिप्टने बनवलेला, पाठ न होणारा पासवर्ड. तो दुसरा गुन्हा ठरला. पुढच्या महिन्यात त्याचं कंत्राट वाढवलं नाही.

मी त्या मीटिंगमध्ये होतो. मुदत मी लावली हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. नियम पाळला होता, म्हणून मी सुरक्षित होतो. या नियमाचं खरं काम तेच आहे. तो सर्व्हरला वाचवत नाही, वर बसलेल्यांना वाचवतो. काही घडलं तर दाखवायला एक टिक केलेला कागद असतो, आणि दोष उतरत उतरत शेवटच्या पायरीवरच्या माणसापाशी जाऊन थांबतो.

आक्षेप, आणि त्यांची उत्तरं

‘पण कुणी नोकरी सोडून गेला, आणि त्याला रूटचा पासवर्ड माहीत असेल तर?’ तर त्याच दिवशी बदला. तो २ तारखेला गेला आणि तुमची स्क्रिप्ट तीन महिन्यांनी चालणार असेल, तर मधले सगळे दिवस तुम्ही कशाच्या भरवशावर झोपता? मुळात रूटचा पासवर्ड दहा जणांना माहीत असणं हाच आजार आहे. प्रत्येकाला आपलं खातं द्या, सूडोने हक्क द्या, गेला की खातं बंद करा.

‘कुणीतरी गुपचूप पासवर्ड चोरून बसला असेल तर? बदलल्यावर तरी तो बाहेर पडेल.’ नव्वद दिवसांच्या मुदतीत चोराला सरासरी पंचेचाळीस दिवस मिळतात. त्याला पाच मिनिटं पुरतात. आत शिरल्यावर त्याचं पहिलं काम म्हणजे खात्याच्या अधिकृत किल्ल्यांच्या फाइलमध्ये स्वतःची एसएसएच किल्ली टाकणं. नंतर पासवर्ड शंभर वेळा बदला, त्याची किल्ली चालूच राहते.

‘ऑडिटमध्ये लागतं हो.’ हा खरा आक्षेप, बाकी सगळे याचे मुखवटे. पण मानकं तरी वाचा. कार्ड व्यवहारांच्या पीसीआय मानकाची २०२२ ची चौथी आवृत्ती नव्वद दिवसांची अट घालते ती पासवर्ड हाच एकमेव घटक असेल तिथे, आणि तिथेही दुसरा पर्याय देते. लिनक्सच्या सीआयएस चेकलिस्टमध्ये पूर्वी ९० होते, नंतर ३६५ झाले. आपल्याकडची चेकलिस्ट बहुतेकदा कुणीतरी दहा वर्षांपूर्वी कॉपी केलेली एक्सेल फाइल असते. तिला ‘मानक’ म्हणायची सवय लागली आहे, इतकंच.

‘मग मशीनने गुपितं बदलूच नयेत का?’ जरूर बदलावीत. लेट्स एन्क्रिप्टने पहिल्यापासून वेबसाइटची प्रमाणपत्रं नव्वद दिवसांचीच ठेवली, त्यामागे लोकांनी नूतनीकरण स्वयंचलित करावं हाही हेतू होता. आकडा तोच, अर्थ उलटा. कारण ते प्रमाणपत्र कुणाला पाठ करायचं नसतं, कुणाला मेलने पाठवायचं नसतं, आणि त्याचं नूतनीकरण हाच त्या व्यवस्थेचा पाया असतो. यंत्राने यंत्राला दिलेलं गुपित तासाभराचं असलं तरी उत्तम.

म्हणून माझा मुद्दा एका ओळीत बसतो: जे गुपित मशीन बदलू शकतं ते माणसाला लागत नाही, तर तिथे पासवर्ड ठेवूच नका, आणि जे माणसाला लक्षात ठेवायचं आहे त्याला मशीनची तारीख लावू नका. या दोन्हींच्या मध्ये माझी स्क्रिप्ट उभी होती. तिला जागाच नव्हती.

काय करायचं ते अवघड नाही. बॅकअपसारख्या खात्यांना पासवर्ड नको, शॅडोमध्ये हॅशच्या जागी तारा असू दे, आणि मुदतही नको. माणसांना एक लांब पासवर्ड निवडू द्या, तो आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत नाही ना एवढं बघा, जोडीला दुसरा घटक द्या. आणि काही घडलं, तर त्या क्षणी चेजने त्या खात्याचा पासवर्ड बदलल्याचा दिवस शून्य करा, पुढच्या लॉगिनला बदलावाच लागेल. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत भारतातल्या कंपन्यांना सायबर घटना सहा तासांत कळवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. सहा तासांत कळवायचं तर घडलेलं सहा तासांत कळायला हवं. आमच्याकडे एक ओळ एकोणीस दिवस वाचली गेली नाही. मेहनत घालायची तर तिथे घाला.

ती कंपनी मी सोडली. जाताना स्क्रिप्ट माझ्या जागी आलेल्या मुलीला समजावून दिली, वरच्या तीन दोषांसकट. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग बंद का नाही करत?” मी म्हणालो, ऑडिट आहे.

त्या उत्तराची मला त्या एकोणीस रात्रींपेक्षा जास्त लाज वाटते. तुमच्या पुढच्या ऑडिट मीटिंगमध्ये तिचा प्रश्न विचारा. आणि कारणमीमांसेच्या रिपोर्टमध्ये कुणी ‘मानवी चूक’ लिहायला लागलं, तर विचारा, कोणत्या मानवाची.